बडोद्याचा वकील आणि पुण्याचा रिसाला

भारतीय सैन्याच्या चिलखती दलात ‘पूना हॉर्स’ या रणगाडा-रेजिमेंटचे स्थान मोठ्या मानाचे आहे. स्वतंत्र भारतात या एकाच रेजिमेंटच्या दोन अधिकाऱ्यांना परमवीरचक्र प्राप्त झाले. तिच्या नावात पुणे आहे. तथापि तिच्या जन्माचा धागा शोधीत गेल्यास तो बडोद्याच्या दरबारात येऊन पोहोचतो.

पेशवे आणि गायकवाड यांच्यातील हिशेबाचा वाद जुना होता. अहमदाबादेतील पेशव्यांच्या हिश्शाचा इजारा गायकवाडांकडे होता. त्याची मुदत १८१४ मध्ये संपली आणि दुसऱ्या बाजीरावाने तो आपल्या मर्जीतील त्रिंबकजी डेंगळे यांस दिला. थकलेल्या रकमांचा निकाल लावून इजारा परत मिळवावा, या कामगिरीवर बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यास गेले. त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी घेतली होती. शास्त्री हुशार आणि कामात वाकबगार होते. पण इंग्रजांच्या आश्रयाने वर आलेला कारभारी म्हणून पुण्यात त्यांच्याविषयी रोषही होता. मध्यंतरी बाजीरावाने आपली मेहुणी शास्त्रीबुवांच्या मुलास देऊ केली आणि नाशिकास लग्नाची तयारीही झाली. परंतु बडोदे दरबाराची संमती नसल्याने शास्त्रींनी ते पुढे ढकलले. हा अपमान पेशव्याच्या मनात सलत राहिला. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात, विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतत असता, शास्त्रींवर मारेकऱ्यांनी घाव घातले. संशय त्रिंबकजीवर आला.

पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्रिंबकजीची मागणी लावून धरली. अखेर पेशव्याने त्यास स्वाधीन केले आणि ठाण्याच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. सप्टेंबर १८१६ मध्ये तो तेथून निसटला. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाण्यांतून पलायनाचा बेत त्याच्या कानी घालीत असे, अशी आख्यायिका आहे. इंग्रजांना तर निमित्तच हवे होते. १३ जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीरावास मराठी राज्यमंडळाचे प्रमुखपद सोडावे लागले, अहमदनगरचा किल्ला द्यावा लागला, गायकवाडांवरील आपले दावे वार्षिक चार लाखांवर मिटवावे लागले. शिवाय पाच हजार स्वार व तीन हजार पायदळ यांच्या खर्चासाठी चौतीस लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला. या फौजेतील घोडदळ म्हणजेच जुलै १८१७ मध्ये उभे राहिलेले ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’. पैसा पेशव्याचा, नाव पेशव्याच्या राजधानीचे आणि हुकूम मात्र इंग्रजांचा!

त्याची प्रचीती सहा महिन्यांतच आली. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे कॅप्टन स्टॉन्टनच्या तुकडीची पेशव्याच्या सैन्याशी गाठ पडली. त्या तुकडीतील पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि सोबत याच रिसाल्याचे सुमारे अडीचशे ते तीनशे स्वार होते. ज्याच्या मुलखाच्या वसुलातून रिसाला पोसला गेला, त्याच्याच विरुद्ध तो लढला. पुढे लवकरच पेशवाई बुडाली. रिसाला मात्र उरला.

तो उरला तो मराठी परंपरेच्याच एका रीतीवर. स्वाराने घोडा आणि शस्त्र स्वतःचे आणावे व ठरीव वेतन घ्यावे, ही शिलेदारी पद्धत इंग्रजांनी उचलली आणि आपल्या हिंदी रिसाल्यांत पहिल्या महायुद्धापर्यंत चालविली. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणातील खुशाब येथे पूना हॉर्स आणि तिसरी मुंबई लाइट कॅव्हलरी एकत्र लढल्या. त्या दिवशी दोन व्हिक्टोरिया क्रॉस लाभले, ते मूर आणि माल्कमसन या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांना; हिंदी शिपायाला तो सन्मान १९११ पर्यंत मिळूच शकत नसे. १९१४ मध्ये फ्रान्सच्या खंदकांत रिसाल्याच्या लेफ्टनंट डी पास याने तोच सन्मान मिळविला आणि तेथेच त्याला मृत्यू आला. युद्धानंतर खुशाबच्या या दोन सोबत्यांचे एकत्रीकरण होऊन आजची सतरावी रेजिमेंट बनली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोडे गेले, चिलखती गाड्या आल्या आणि पुढे रणगाडे आले. १९४७ च्या फाळणीत सैन्यही वाटले गेले. पूना हॉर्स भारताकडे राहिली.

सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिलोरा व चाविंडा येथे सेंच्युरियन रणगाडे घेऊन ती उतरली, तेव्हा तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्याकडे होते. मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले तारापोर जखमी होऊनही मागे गेले नाहीत. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले, आपले नऊ गमावले, अशी नोंद त्यांच्या मानपत्रात आहे. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतरच्या रणांगणावर पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा रणगाडा पेटला. बाहेर पडण्याचा आदेश त्यांनी मानला नाही; तोफ चालू आहे तोवर लढत राहण्याचे त्यांनी ठरविले. त्यांचे वय एकवीस होते आणि सैन्यात दाखल होऊन अवघे सहा महिने झाले होते.

या रेजिमेंटचा इतिहास वाचताना मराठी मनाची कोंडी होते. तिच्या जन्मात पेशव्यांची मानहानी आहे आणि बडोद्याच्या वकिलाचा खून आहे. तिच्या प्रौढपणात देशाचा अभिमान आहे. यांतील एक पान फाडून दुसरे जपता येत नाही. परक्याच्या हुकमाने उभी राहिलेली फौज तारापोर आणि खेत्रपाल यांच्या रक्ताने देशाची झाली, म्हणून कोरेगाव पुसले जात नाही. आणि कोरेगाव घडले म्हणून बसंतरचे मोल घटत नाही.

खेत्रपाल यांच्या रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’. सायप्रस बेटावरील एका बंदराचे हे नाव. तो रणगाडा पुढे दुरुस्त होऊन अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील चिलखती दलाच्या केंद्रात स्मारक म्हणून जतन करण्यात आला. ज्या तहाने हा रिसाला जन्मला, त्याच तहाने बाजीरावाने जो किल्ला गमावला, तो याच नगरातला.