हुतूतूच्या फळीतील जागा

वर्धा नदीच्या अलीकडे वसलेले आष्टी हे तालुक्याचे गाव १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे इतिहासात नोंदले गेले. तथापि या मुलखाच्या तरुणांत शरीरसंपदेची आस्था त्यापूर्वीच रुजू लागली होती, आणि नदीपलीकडील अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी ज्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत हुतूतूही होता. या खेळाच्या इतिहासात मला सर्वांत विचारणीय वाटते ती गड्यांच्या जागांची व्यवस्था.

पंधरा गड्यांच्या रग्बीत आठ धिप्पाड गडी आघाडीस आणि सात चपळ गडी पिछाडीस, अशी वाटणी असून प्रत्येकाची जागा पाठीवरील अंकानेच मुक्रर होते. हुतूतूत तसे नाही. येथे दोन्ही कोपऱ्यांवर घोटा वा मांडी धरणारे, मजबूत पंजाचे गडी हवेत, कारण चढाई करणारा पाय लांबवतो तो प्रायः त्यांच्याच टप्प्यात. मध्यरक्षकाच्या अंगी मात्र योग्य क्षणी आडवे येऊन चढाईखोराची परतीची वाट रोखण्याचे धैर्य लागते, आणि साखळी धरलेल्या सोबत्याचा हात त्याच क्षणी ढिला पडला, तर त्या धैर्याचा काहीच उपयोग होत नाही.

या जागांचे स्थैर्य मुळात नियमांवर अवलंबून होते. हुतूतूच्या 'अमर' प्रकारात बाद गडी मैदानातच राहत असल्याने फळी अभंग राही. 'गामिनी'त बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत परतत नसे. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला एक गडी जिवंत होई. १९२१ च्या सुमारास साताऱ्यात यांतील शेवटच्या दोन प्रकारांच्या मेळातून जी नियमावली घडविली गेली, तिच्यामुळे फळी क्षणाक्षणाला घटू-वाढू लागली, आणि कोपऱ्याचा गडी बाद होताच मध्यरक्षकास कोपरा सांभाळणे प्राप्त झाले. म्हणून केवळ एका जागेत निष्णात असलेला गडी या खेळात अपुराच ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन वा त्याहून कमी गडी उरले असता साधलेल्या पकडीस एक अधिक गुण देणाऱ्या आजच्या नियमाने या विपन्नावस्थेतील कसबाचीच रास्त दखल घेतली आहे.