कलम : बिदरी कारखान्यातील एका हत्याराचे नाव

काही वर्षांपूर्वी बीदर येथील आमच्या शाळेत निबंधाच्या वह्या तपाशीत असताना एका मुलाचे वाक्य माझ्या लाल पेन्सिलीखाली आले : ‘माझे वडील दिवसभर कलमेवर हातोडी मारतात.’ लेखणीवर हातोडी कोण मारील? मी वाक्याखाली रेघ ओढली आणि समासात ‘अर्थदोष’ असा शेरा लिहिला. मुलगा बिदरी कारागिराचा. घरी दखनी, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारा. दुसऱ्या दिवशी त्याने फडक्यात गुंडाळलेली एक लहानशी पोलादी छिन्नी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “सर, ही कलम.” दोष त्याच्या वाक्यात नव्हता, माझ्या शब्दज्ञानात होता. प्रस्तुत टिपण हे त्या शेऱ्याचे प्रायश्चित्त समजावे.

बिदरी कामात कलमेचे स्थान मध्यवर्ती आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे कानशीने घासून गुळगुळीत करतात व त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. पृष्ठभाग तात्पुरता काळवंडला, की अणकुचीदार सळईने काढलेली नक्षी त्यावर पांढरी उमटते. मग कलम हाती येते. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी कारागीर त्या रेघांवरून चर कोरीत जातो आणि चरात चांदीची तार अथवा पत्रा ठोकून बसवितो. शेवटी किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांचा लेप दिला, की जस्त कायमचे काळे होते. चांदी मात्र उजळच राहते.

आता या नावाचे मूळ पाहू. मराठीत हा शब्द फारसीच्या द्वारे आला, फारसीत अरबीतून. आणि अरबी ‘कलम’ ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू या शब्दावरून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. येथे एक मोह आवरावयास हवा. संस्कृतातही ‘कलम’ शब्द आहे. तो साळीच्या एका जातीचे नाव. रघूने उखडून पुन्हा गादीवर बसविलेल्या वंगदेशीय राजांना कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात उपटून पुन्हा लावलेल्या कलमसाळीची उपमा दिली आहे. काही संस्कृत कोशांत या शब्दाचा लेखणी हाही अर्थ सापडतो. परंतु तेवढ्यावरून कलम मुळात आपलीच, असे म्हणता येत नाही. ग्रीक शब्दाची भावंडे म्हणजे जर्मन ‘हाल्म’ आणि रशियन ‘सलोमा’. अशा शब्दांत स्लाव्ह भाषांतील ‘स’च्या जागी संस्कृतात ‘श’ येतो. रशियन ‘स्तो’ आणि संस्कृत ‘शत’ ही जोडी त्याची साक्ष आहे. कलम हा वारशाने आलेला शब्द असता, तर त्याच्या आरंभी ‘श’ दिसला असता. म्हणून लेखणी हा अर्थ संस्कृतात बाहेरून आला असावा, हेच अधिक संभवनीय होय.

व्युत्पत्ती बोरूपाशी थांबते. अर्थ मात्र पुढे जातात. बोरू तिरका छाटल्यावाचून त्याची लेखणी होत नाही, आणि हा छाट या शब्दाच्या बहुतेक अर्थांत राहिला आहे. आंब्याची फांदी छाटून दुसऱ्या रोपावर बांधली, की ते कलम. शिर उडविणे म्हणजे शिर कलम करणे. मजकुरातून तोडून वेगळा मांडलेला मुद्दा तेही कलम; त्यावरून कलमवार, कलमबंदी हे दप्तरी शब्द आले. मराठीने येथे लिंगाचा विवेकही केला : लिहिणारी ‘ती’ कलम, झाडाचे आणि कायद्याचे ‘ते’ कलम. छिन्नीचा अर्थ हा काही बीदरच्या गल्लीतील अपभ्रंश नव्हे. इराणात धातूवरील कोरीव कामाला ‘कलमझनी’ असेच म्हणतात, आणि इस्फहान त्यासाठी प्रसिद्ध आहे.

हे अर्थ बीदरच्या इतिहासात एका मनुष्याच्या आयुष्यात एकत्र आले. बहमनी वजीर महमूद गावान हा इराणातील गीलानचा. त्याच्या पत्रांचा संग्रह ‘रियाज-उल-इन्शा’ फारसी पत्रलेखनाचा आदर्श मानला गेला. १४७२ मध्ये त्याने बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर रंगीत कौलांतील अक्षरे अजून अंशतः शिल्लक आहेत. शत्रूंनी त्याचा शिक्का असलेल्या कोऱ्या कागदावर ओडिशाच्या राजाच्या नावे फितुरीचे पत्र लिहविले, आणि १४८१ मध्ये सुलतान तिसऱ्या महंमदशहाने त्याचे शिर कलम करविले. कलमेवर हुकमत असलेला पुरुष दुसऱ्याच्या कलमेने मारला गेला.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कलम मराठीत टिकून राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. सीमेच्या अलीकडील कन्नड पोलिसी कागदांतही ‘कलं’ आणि पलीकडील मराठी कागदांतही ‘कलम’. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली, कलमांचे आकडे बदलले; शब्द तोच राहिला.

त्या वहीतला शेरा मी खोडला आणि खाली सही केली. मुलाने तो खोडलेला शेरा वडिलांना दाखविला की नाही, हे मी विचारले नाही. आता निबंधाच्या पहिल्या तासाला मी मुलांना आपापल्या घरच्या हत्यारांची नावे लिहून आणावयास सांगतो. कोणी तिफण लिहितो, कोणी रंधा, कोणी ऐरण. एखादा शब्द मला अडला, तर पेन्सिल उचलण्यापूर्वी लिहिणाऱ्याला विचारतो.