रणगाड्याखालची शेकोटी : मॉस्कोसमोर इंजिने का अडली?

डिसेंबर १९४१. मॉस्कोच्या पश्चिमेला अडकलेल्या जर्मन चिलखती तुकड्यांत उजाडण्यापूर्वीच माणसे रणगाड्यांच्या आणि ट्रकांच्या पोटाखाली शेकोट्या पेटवू लागत. वर इंधनाची टाकी, खाली उघडी ज्वाळा. हा धोका पत्करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पारा उणे ३० अंशांच्या आसपास उतरला होता आणि शेक दिल्याखेरीज इंजिन हलायलाही तयार नव्हते.

‘जनरल विंटर’ने जर्मनांना हरवले, हे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे. पण थंडी काही एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त पडत नव्हती. ५ डिसेंबरपासून लाल सेनेने प्रतिहल्ला सुरू केला तो त्याच बर्फातून. तेव्हा बिघाड नेमका कुठे होता, हे पाहायला इंजिनाचे झाकण उघडावे लागते.

कडाक्याच्या थंडीत इंजिनावर तीन संकटे एकदमच येतात. पहिले वंगणाचे. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल थिजावे तसे उन्हाळी दर्जाचे इंजिन ऑइल थिजते आणि पिस्टन, बेअरिंगे जणू डिंकात रुततात. दुसरे इंधनाचे. स्पार्क प्लगची ठिणगी पेटवते ती पेट्रोलची वाफ. द्रव पेट्रोल सहजी पेट घेत नाही, आणि गारठलेल्या इंजिनात पुरेशी वाफच तयार होत नाही. तिसरे बॅटरीचे. उणे १८ अंशांना बॅटरीची क्षमता जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे इंजिन फिरवायला सर्वाधिक जोर लागतो, नेमक्या त्याच घडीला स्टार्टरला सर्वांत कमी वीज मिळते.

यातून एक दुष्टचक्र सुरू होई. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाबरोबर बॅटरी आणखी उतरे. पूर्ण भारित बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण पार उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच गोठते आणि तिचे कवच तडकते. मग उरे ते हँडल. जर्मन रणगाड्यांच्या मागच्या बाजूला जड चक्राला गती देणारे हँडल असे. दोघांनी ते फिरवून चक्राला वेग आणायचा आणि मग तो वेग इंजिनाला जोडायचा. ही योजना चांगलीच होती, पण थिजलेल्या तेलापुढे चक्राचा जोरही क्षणात संपे. रेडिएटरची गत वेगळी नव्हती. गोठणरोधक द्रावणाचा तुटवडा असल्याने रात्री पाणी काढून टाकावे लागे, नाहीतर इंजिन रात्रभर चालू ठेवावे लागे. त्यासाठी लागणारे इंधन आणणारी रेल्वेही धड चालत नव्हती. जर्मन वाफेच्या इंजिनांच्या पाण्याच्या नळ्या बाहेरच्या अंगाला होत्या आणि त्या थंडीने फुटत होत्या.

मात्र या निदानातला सर्वांत महत्त्वाचा धागा डिसेंबरात सापडत नाही. तो जुलैत सापडतो. २२ जूनला मोहीम सुरू झाल्यावर कच्च्या रस्त्यांवरची बारीक धूळ हवेच्या अपुऱ्या फिल्टरांतून थेट सिलिंडरांत शिरली. सिलिंडरांच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या, इंजिने तेल पिऊ लागली. ४ ऑगस्टला बोरिसोव्ह येथे हिटलर आघाडीच्या सेनानींना भेटला तेव्हा गुडेरियनने धुळीने झिजलेल्या रणगाड्यांसाठी नवी इंजिने मागितली. आश्वासन मिळाले ते अवघ्या काहीशे इंजिनांचे, तेही संपूर्ण पूर्व आघाडीला मिळून. झिजलेल्या इंजिनात दाब नीट धरला जात नाही. उन्हाळ्यात ते कसेबसे चालते. थंडीत मात्र सुरूच होत नाही. डिसेंबरच्या थंडीने बंद पाडलेली कित्येक इंजिने धुळीने आधीच अर्धमेली करून ठेवली होती.

सोव्हिएत यंत्रे जादूची नव्हती. टी-३४ चे डिझेल इंजिन तर थंडीत पेट्रोल इंजिनापेक्षाही हट्टी, कारण त्यात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच सारी भिस्त. फरक होता तो तयारीत. त्या रणगाड्यात विजेच्या स्टार्टरखेरीज दाबलेल्या हवेच्या टाक्या असत. बॅटरी मेली तरी त्या हवेने इंजिन फिरवता येई. सैनिक खड्डा खणून त्यावर रणगाडा उभा करत, वरून ताडपत्री ओढत आणि खाली स्टोव्ह पेटता ठेवत. त्याच उबेत स्वतःही झोपत. इंजिन बंद करण्यापूर्वी वंगणात थोडे पेट्रोल मिसळण्याची युक्तीही प्रचलित होती. त्यामुळे तेल रात्रभर पातळ राही, आणि सकाळी इंजिन तापले की मिसळलेले पेट्रोल उडून जाई. उपाय इतका स्वस्त की त्याला नवा सुटा भागही लागत नाही!

प्रतिहल्ल्यानंतर माघार घेताना जर्मनांना सुरू न होणाऱ्या गाड्या आणि रणगाडे स्वतःच्या हाताने उडवून द्यावे लागले. युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींत अनेक सेनानींनी हिवाळ्याला मोठे माप दिले. ते सोयीचेही होते. मोहीम थंडीपूर्वी संपेल, हे गृहीतक त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतःच मान्य केले होते. हिवाळी कपड्यांची उणीव सर्वांना ठाऊक आहे. हिवाळी तेलाच्या उणिवेचा उल्लेख मात्र फारसा होत नाही.

पुढच्या हिवाळ्यांत जर्मन अभियंत्यांनी धडा गिरवला. एक रणगाडा कसाबसा सुरू करायचा, त्याचे गरम झालेले पाणी नळीने शेजारच्या थंड रणगाड्यात सोडायचे आणि त्याचे गार पाणी पहिल्याकडे घ्यायचे. अशा रीतीने एका इंजिनाच्या उबेवर रांगेतली इतर इंजिने जागी करता येत. हवाई दलापाशीही तेलात पेट्रोल मिसळून थंडीत इंजिन सुरू करण्याची पद्धत होती. तरीही जानेवारी १९४३ मध्ये, स्टालिनग्राडच्या वेढ्यात अडकलेल्या सैन्याला विमानांनी रसद पोहोचवण्याची सूत्रे फील्ड मार्शल एरहार्ड मिल्शने हाती घेतली, तेव्हा त्याला आढळले की विमानतळांवर ती नीट वापरलीच जात नव्हती.