कापसाच्या गाठीवरचा एक रुपया

आम्ही धाडचे. बुलढाणा जिल्ह्याची पार कड, कापसाचा मुलूख. म्हणूनच बहुधा मुंबईच्या बीडीडी चाळींचा इतिहास वाचताना एका तपशिलावर मी अडकलो.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचं ठरलं. पैसा कुठून? कर्ज काढून, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर लावून. खामगावला रेल्वे १८७० सालीच पोचली होती, तीही कापसासाठीच. म्हणजे वरळीच्या त्या भिंतींत आमच्या वऱ्हाडच्या कापसाचाही वाटा आहे की!

प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीत १२. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फूट, संडास सामायिक. गुणाकार करून बघा, साडेसोळा हजार खोल्या होतात. ठरवल्याच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यातही वरळीच्या कित्येक खोल्या सुरुवातीची काही वर्षं रिकाम्याच होत्या. गिरण्या लांब, सोयींची बोंब आणि भाडं न परवडणारं!

ऑफिसात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "बघ, सरकारनं घरं बांधली की असंच होतं." मला हे पटत नाही. त्याच काळात व्हिएन्ना शहरानं १९२३ साली घरबांधणीसाठी खास कर लावला आणि १९३४ पर्यंत ६०,००० हून जास्त घरं बांधली. सोबत धुलाईघरं, बालवाड्या, वाचनालयं. खर्च मुख्यतः करातून, त्यामुळे भाडं अगदी कमी. म्हणजे बांधणारं सरकार आहे यात खोट नव्हती. पैसा कसा उभारला आणि घर कुठे, कसं बांधलं, यावर सगळं ठरलं.

आणि बीडीडी तरी फसली का? पुढे त्याच खोल्यांत कामगारांच्या पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. छानच झालं. पण ही घरं जुन्या भाडेकरूंची. आज शहरात नव्याने येणाऱ्याचं काय?

धाडमध्ये स्वतःची जागा असेल तर घरकुलाला सरकारकडून पैसे मिळतात. पण काम आहे पुण्यात नि मुंबईत! तिथे म्हाडाची लॉटरी आहे, पण ती मुख्यतः विकत घ्यायच्या घरांची. ज्याच्याकडे डाऊन पेमेंटलाच पैसे नाहीत, त्याने काय करायचं? आपल्याला कर्ज तरी मिळतं. आपल्या सोसायटीच्या वॉचमनला कोण देणार?

म्हणून मला वाटतं, सरकारने पुन्हा घरं बांधावीत. भरपूर बांधावीत, कामाच्या जवळ बांधावीत, आणि विकून मोकळं न होता भाड्याने द्यावीत. शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारला कापसाच्या गाठीवर एक रुपया लावायचं सुचलं होतं. आपल्या सरकारला आयटी पार्कांच्या जमिनींवर काही सुचायला काय हरकत आहे?