आभाळ मोकळे होईपर्यंत



स्मरणिकेसाठी ‘आपल्या परिसराचा इतिहास’ या विषयावर लिहायला समितीने सांगितले, तेव्हा सर्वांत आधी आठवला तो आवाज. ओझरच्या धावपट्टीवरून विमान उठले की वर्गाची तावदाने थरथरत. सर खडू फळ्याला टेकवूनच थांबत, आवाज ओसरला की अर्धे राहिलेले वाक्य तिथूनच पुढे नेत. आपल्यापैकी कोणीही खिडकीकडे पाहायचे थांबले नाही आणि सरांनीही त्यासाठी कधी छडी उगारली नाही.

आपल्या वर्गात दोन गट होते. एक मिगवाले, दुसरे मळेवाले. ‘वडील कुठे असतात?’ या प्रश्नाला ‘मिगला’ एवढेच उत्तर पुरायचे. बाहेरगावच्या पाहुण्याला ते कळत नसे. विमानाचे नाव गावाला चिकटले होते. एसटीच्या कंडक्टरलाही ‘ओझर मिग’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे.

हे नाव चिकटले त्याची सुरुवात १९६२ च्या चीन युद्धानंतरची. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. त्याच सुमारास सोव्हिएत संघाच्या परवान्याने मिग-२१ भारतात बांधायचे ठरले. कामाची वाटणी झाली. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी आपल्याकडे ओझरला. १९६४ मध्ये कारखाना उभा राहिला. आधी तयार भाग आणून जुळणी होत असे. कच्च्या मालापासून देशात घडवलेले पहिले मिग-२१ हवाई दलाला मिळाले १९७० मध्ये. पुढे मिग-२७ आले, नंतर सुखोई-३०. विमान कोणतेही असो, ते हवाई दलाकडे जाण्याआधी ओझरच्या आभाळात उडून दाखवायचे. तीच आपली हवाई कसरत. तिला तिकीट नव्हते, निवेदक नव्हता आणि वेळापत्रक तर नव्हतेच.

वेळापत्रक ठरवायचे आभाळ. निफाड तालुक्याची हवा आपल्याला ठाऊक आहे. जानेवारीत पारा राज्यात सर्वांत खाली उतरतो तो बहुधा इथेच, आणि सकाळी धुके द्राक्षबागांवरून उठायचे नाव घेत नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस रेंगाळतो. नोव्हेंबरात केव्हा अवकाळी येईल सांगता येत नाही. ढगाळ, ओलसर हवा आली की मळेवाल्यांच्या घरी डावणीची धास्ती आणि औषध फवारायची धावपळ. त्याच हवेत मिगवाल्यांच्या घरी वडील लवकर परतायचे, कारण उड्डाण नसायचे. दोन्ही घरांतली माणसे सकाळी अंगणात येऊन आधी वर पाहत. आपली दोस्ती जमली त्यात या सवयीचाही वाटा असावा.

एक दिवस मला विशेष आठवतो. हिवाळ्यातला शनिवार, सकाळची शाळा सुटलेली. आज विमान उडणार अशी बातमी मिगवाल्या मित्राने आणली होती. आम्ही सात-आठ जण सायकली घेऊन कुंपणापासून दूरच्या एका बांधावर जाऊन बसलो. आभाळ भरलेले. मधेच ऊन पडे, मधेच बारीक बुरबुर. दप्तरातले शेंगदाणे संपले. दूर विमान दिसत होते, माणसे त्याच्याभोवती फिरत होती, पण ते हलत नव्हते. दोन तासांनी ट्रॅक्टर आला आणि विमान ओढत आत घेऊन गेला. आम्ही भयंकर चिडलो. एकजण तर म्हणाला की घाबरट आहेत सगळे. मित्र काही बोलला नाही, त्याचे कान मात्र लाल झाले.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या वडिलांनी आम्हाला समोर बसवले आणि पाटीवर एक आडवी रेघ काढली. ही जमीन. वर दुसरी रेघ, हा ढगाचा तळ. या दोन रेघांमध्ये जेवढी जागा, तेवढेच वैमानिकाचे अंगण. गिरकी घ्यायची तर विमान उंच जाऊन परत खाली यायला हवे, आणि ढगात शिरले की जमीन दिसेनाशी होते. चाचणीच्या विमानात काही बिघडले तर खालची धावपट्टी दिसलीच पाहिजे. पावसानंतर किडे निघतात, किड्यांमागे पक्षी येतात, आणि एक पक्षी इंजिनात गेला तरी पुरे. मग ते म्हणाले की आज सही केली नाही, हेही कामच होते. ते तपासणी विभागात होते, हे मला त्या दिवशी कळले.

त्या वाक्याचा अर्थ समजायला मला बरीच वर्षे लागली. पुढे इतिहास शिकवायच्या निमित्ताने जगभरच्या हवाई प्रदर्शनांविषयी वाचले. इंग्लंडमधील फार्नबरो येथे ६ सप्टेंबर १९५२ रोजी एक लढाऊ विमान प्रेक्षकांसमोर हवेतच तुटले. २९ प्रेक्षक आणि विमानातले दोघे गेले. विमानांनी गर्दीपासून किती अंतर राखावे याचे कडक नियम त्यानंतर आले. तरीही २००२ मध्ये युक्रेनमधील ल्विव्ह येथे सुखोई-२७ गर्दीत कोसळून ७७ माणसे मेली. आपल्याला दुरून पाहावे लागते म्हणून आपण कुरकुरतो. ते अंतर कोणाच्या तरी प्राणांनी मोजून दिलेले आहे.

हवामानाचेही तसेच. ‘सूर्यकिरण’ पथक १९९६ मध्ये सुरू झाले. आज त्यांच्या नऊ हॉक विमानांची कसरत पाहायला लाखो लोक येतात. ढग खाली असले की असे पथक उंच गिरक्या वगळते आणि सपाट रचना करून दाखवते. प्रेक्षकाला वाटते, आज कमी दाखवले. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीत विमाने वेळेवर आली, पण आभाळ गढूळ होते आणि अनेकांना नुसता आवाज ऐकून घरी जावे लागले. उलट ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर आभाळ स्वच्छ होते, विमाने छान दिसली, आणि उन्हाने व गर्दीने पाच प्रेक्षकांचा जीव घेतला. पाहणाऱ्यालाही हवामान असते, हे आपण विसरतो.

आता जे आपण शाळेत कधी बोललो नाही, ते बोलतो. कुठेतरी मिग पडल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी मिगवाली मुले गप्प असत. पुढे वर्तमानपत्रांनी त्या विमानाला ‘उडती शवपेटी’ म्हणायला सुरुवात केली. अपघातांची कारणे अनेक होती. विमान उतरताना वेग फार असे. त्यावर जाण्याआधी तरुण वैमानिकांना योग्य प्रशिक्षण विमान मिळाले नव्हते, ते हॉकच्या रूपाने आले २००८ मध्ये. विमानांचे वयही झाले होते. पण ज्यांच्या घरातली माणसे त्या विमानाचा एकेक रिव्हेट तपासत होती, त्यांच्या मुलांना हे सगळे कोण समजावणार? आम्ही मळेवाल्यांनी ‘तुमचे विमान पडले’ असे म्हटल्याचे मला आठवते. उशिरा का होईना, त्याबद्दल माफी मागतो.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ने निरोप घेतला. शेवटपर्यंत सेवेत राहिलेल्या ‘बायसन’ विमानांचे नूतनीकरण आपल्या ओझरलाच झाले होते. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः त्या दिवशी उडाले. त्यांच्या उड्डाणाचे सांकेतिक नाव होते ‘बादल’. आयुष्यभर ज्या ढगांनी आपल्याला ताटकळत ठेवले, त्यांचेच नाव निरोपाला मिळाले, म्हणून मी दूरदर्शनसमोर एकटाच हसलो आणि मग डोळे पुसले. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरहून तेजस मार्क-१ए चे पहिले उड्डाण संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत झाले. पुन्हा महिनाभराने, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या प्रदर्शनात प्रेक्षकांसमोर एक तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. आनंद आणि धास्ती या आभाळात अशी हातात हात घालूनच येतात.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी जेवणानंतर आपण सगळे मैदानावर बसू. एखादे विमान गेलेच तर सरांनी पूर्वीसारखे बोलता बोलता थांबावे. आणि आभाळ भरून आले, काहीच उडाले नाही, तर कोणी कुरकुरू नये. तिकडे कुठेतरी एका माणसाने सही केलेली नसेल. त्याच्या घरी आज सगळे एकत्र जेवतील.