मोर्तब ते पेन ड्राइव्ह : नोंद सुरक्षितपणे वेगळी करण्याचा इतिहास

प्रस्तावना

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील डोंगरी तालुके. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. रायगडापूर्वीची स्वराज्याची राजधानी राजगड याच तालुक्यात आहे, तर भोर हे सचिवांच्या संस्थानाचे ठिकाण. म्हणजेच राज्यकारभाराच्या कागदपत्रांशी या भूमीचे नाते जुने आहे. आज जुन्या मोडी कागदांची छायाचित्रे आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध पेन ड्राइव्हमधून नेले जातात. ते साधन घाईने ओढून काढल्यास वर्षांचे श्रम क्षणात नाहीसे होऊ शकतात. मूळ कागद जीर्ण झालेला असेल, तर ही हानी भरून निघत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

सचिव आणि मोर्तब

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची कर्तव्ये निश्चित झाली. राजपत्रे तपासून अधिक-उणा मजकूर शुद्ध करणे व त्यांवर संमतीची खूण करणे हे सचिवाचे काम होते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटत असे. मजकूर येथे संपला, यापुढे भर घालता येणार नाही, हा मोर्तबाचा अर्थ. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद लाभले व त्यांच्या वंशजांकडे भोर संस्थान राहिले. १९४८ मध्ये हे संस्थान विलीन झाले. लिहिणे आणि लेखन पूर्ण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व या दप्तरपद्धतीत स्पष्ट दिसते.

संगणकातील लेखनसीमा

संगणकातही हाच भेद आहे. वेग वाढावा म्हणून संगणक मजकूर प्रथम स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो व सवडीने साधनावर उतरवतो. फाइल कोठे आहे याची नोंद साधनावरील एका तक्त्यात असते. मजकूर पोहोचला, परंतु तक्ता अद्ययावत होण्यापूर्वी साधन निघाले, तर फाइल असूनही सापडत नाही. म्हणूनच युनिक्स प्रणालीत साधन वेगळे करण्याची स्वतंत्र आज्ञा होती. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये फ्लॉपी काढण्यासाठी बाहेरून दाबायचे बटणच नव्हते. संगणकाला आज्ञा दिल्यावर तोच ती बाहेर देत असे. यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये आले आणि २००० च्या सुमारास पेन ड्राइव्ह बाजारात आले. आता साधन केव्हाही उपसणे हाताच्या सोयीचे झाले; शिस्त मात्र वापरणाऱ्यावर आली.

अडचणी व उपाय

‘साधन वापरात आहे’ असा संदेश येऊन संगणक परवानगी नाकारतो, तेव्हा त्यामागे सामान्यतः उघडी फाइल, साधनावरील फोल्डरची खिडकी, सुरू असलेली विषाणू-तपासणी किंवा शोधसूची तयार करणारी प्रक्रिया असते. प्रथम सर्व फाइली जतन करून बंद कराव्यात व थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. अडथळा कायम राहिल्यास विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये २२५ क्रमांकाच्या नोंदीत अडवणाऱ्या कार्यक्रमाचे नाव मिळू शकते. तेही न साधल्यास संगणक रीतसर बंद करून साधन काढावे. पेन ड्राइव्हवरील दिवा लुकलुकत असताना ते कदापि ओढू नये. वीज जाण्याचा संभव असलेल्या गावांत काम आधी संगणकाच्या डिस्कवर करून मगच त्याची प्रत साधनावर घ्यावी. चुकून साधन निघाल्यास त्यावर नवे काही लिहू नये. शक्य तेवढ्या फाइलींची प्रत अन्यत्र घ्यावी आणि त्यानंतरच दुरुस्तीची आज्ञा चालवावी.

विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून बाह्य साधनांसाठी झटपट काढण्याचे धोरण मूळ धोरण झाले. त्यामुळे धोका घटला, संपला नाही. लेखन चालू असताना साधन काढल्यास हानी होतेच.

समारोप

मोर्तब डोळ्यांना दिसत असे. संगणकातील लेखन दिसत नाही. ‘आता साधन काढता येईल’ हा संदेश हेच या काळातील मोर्तब होय. तरीही एकाच प्रतीवर विसंबणे अयोग्यच. दुसरी प्रत अन्य ठिकाणी ठेवण्याची सवय महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना लावली, तर या परिसरातील कागदपत्रांचा ठेवा पुढील पिढीच्या हाती अखंड पोहोचेल.