१९ ऑगस्ट २००७ : काराकासची मुले लंडनच्या मंचावर

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्स महोत्सवात या दिवशी व्हेनेझुएलाच्या सिमोन बोलिव्हार युवा वाद्यवृंदाने श्रोत्यांना जिंकले. संचालक गुस्ताव्हो दुदामेल अवघे २६ वर्षांचे. आधी शोस्ताकोविचची दहावी सिंफनी. शेवटी देशाच्या झेंड्याच्या रंगांची जाकिटे चढवून मुले वाजवता वाजवता नाचली.

यामागे होती ‘एल सिस्तेमा’ ही चळवळ. अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार होसे अंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५मध्ये काराकासमध्ये मूठभर मुलांना घेऊन ती सुरू केली. वाद्य आणि शिकवणी मोफत, शाळा सुटल्यावर तालीम. हात बसेपर्यंत एकट्याने घोटत राहायचे नाही, सुरुवातीपासून वाद्यवृंदातच बसायचे. थोडे येऊ लागले की नवख्याला शिकवायचे. मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

चळवळीतली सगळीच मुले गरीब घरची नव्हती. पण काराकासच्या गरीब वस्तीत वाढलेला एडिक्सन रुइस होता. घरखर्चाला हातभार म्हणून सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरणाऱ्या या मुलाने अकराव्या वर्षी डबल बेस हाती घेतला. सतराव्या वर्षी बर्लिन फिलहार्मोनिकने त्याला निवडले.